न दुखणारी करंगळी

गिटार कोणाची, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी चिडून सांगायला लागले, माझी आहे, मीच घेतली आणि मलाच वाजवायची आहे. लोकांना वाटायचं पोराची असेल, शिकायला पुण्याला गेला आणि घरी टाकून गेला. मला पोरगा नाही. एक मुलगी आहे, तिला त्या लाकडी डब्याशी काही घेणंदेणं नाही. चाळिशीला आलेली बाई, घरी फुलांचा धंदा, सासू, नवरा, रोजचे हार, आणि हिला मेलीला गिटार कशाला पाहिजे? पाहिजे होती, बस. एका लग्नात मांडव सजवायला गेलो होतो. ऑर्केस्ट्रातला एक माणूस जेवणाआधी एकटाच खुर्चीवर बसून एकेक तार छेडत होता. गाणं नाही, ठेका नाही, नुसती एक ओळ वर जायची आणि हळूच खाली यायची. मी हातात निशिगंधाच्या माळा घेऊन तिथंच उभी राहिले. त्याला सोलो म्हणतात हे मला नंतर कळलं.

पण सांगायचं आहे ते माझ्या डाव्या हाताचं. तो हात मी स्वतः, चांगली शहाणीसुरती असून, घालवायला निघाले होते.

अकोटच्या रस्त्याला आमचं वावर आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. सकाळी नवरा माल घेऊन अकोल्याच्या फूलबाजारात जातो. गुरुवारी आणि रविवारी मी त्याच्या गाडीत पुढं बसायचे, मांडीवर गिटार आणि मागं झेंडूचे क्रेट. तो मला क्लासपाशी उतरवून पुढं जायचा. क्लास म्हणजे एका टायरच्या दुकानावरची माडीची खोली. शिकवणारे सर पन्नाशीचे, अर्धं आयुष्य ऑर्केस्ट्रात वाजवण्यात गेलेलं, आणि तोंडानं महा फटकळ. बाकी सगळी कॉलेजची पोरं-पोरी. मला त्यांनी पहिल्याच दिवशी काकू करून टाकलं.

सरांनी सुरुवातीलाच दम दिला होता, पहिले दोन महिने बोटं रडवतील, स्टीलच्या तारा आहेत, लोणी नाही. आणि खरंच रडवलं. गिटारच्या मानेवर ज्या धातूच्या पट्ट्या असतात, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्यांच्यामध्ये तार दाबून धरायची, चार बोटांना चार घरं, एक-दोन-तीन-चार, मग खालची तार, पुन्हा एक-दोन-तीन-चार. पंधरा मिनिटांत पोरं बोटं तोंडात घालायची. माझंही अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट ठणकायचं. पण चौथं बोट, करंगळी? तिला काहीच नाही. तिच्या शेजारचं बोटही अर्धंच दुखायचं. मी सरांना तसं सांगितलं तर त्यांनी माझा हात धरून सगळ्या वर्गाला दाखवला.

"पाहा रे. फुलं ओवून ओवून बाईचे बोटं आधीच तयार हायत. तुमचे अजून कच्चे."

काय सांगू, इतकं बरं वाटलं! चौदा-पंधरा वर्षं सुई हातात, त्याचं कौतुक कधी कोणी केलं नव्हतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला माझी करंगळी दाखवली. त्यानं गाडी चालवता चालवता पाहिलं आणि म्हणाला, बोटच तं हाय. मी त्याच्याशी घरापर्यंत बोलले नाही.

आमच्या घरात हार ओवायचा एक नियम आहे. देवाचा हार ओवताना कोणाला सुई टोचली तर त्यानं लगेच मोठ्यानं 'टोचलं' म्हणायचं, हात बाहेर काढायचे आणि उठून धुवायचे. बाकीच्यांनी त्याच्यापुढची फुलं बाजूला करायची. रक्त लागलेलं फूल देवाला चालत नाही. मी या घरात आले तेव्हा दिवसातून दहादा 'टोचलं' म्हणायचे आणि सासूबाई दहादा कपाळावर हात मारायच्या. तर गिटार सुरू होऊन तीन-चार महिने झाले असतील, एका देवळाचे पांढऱ्या शेवंतीचे हार होते. दुपारी चौघी जणी बसलो होतो, सासूबाई, मी आणि शेजारच्या दोघी. हार जवळजवळ झाले आणि सासूबाईंनी एक उचलून उजेडात धरला. मग दुसरा उचलला, मग तिसरा.

तिन्ही हारांना तांबडे ठिपके होते. कोणीच 'टोचलं' म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी एकेकीचे हात पाहिले आणि माझ्यापाशी आल्यावर थांबल्या.

"तुले टोचलं तं सांगत काहून नाही? देवाले फसवून राहिली का?"

मी भडकले. मला टोचलंच नाही तर सांगू कशाला, असं तावातावानं बोलले आणि डावा हात त्यांच्यापुढं नाचवला. नाचवताना माझंच लक्ष गेलं. करंगळीला तीन भोकं होती, त्यातलं एक अजून वाहत होतं. सासूबाईंनी तिन्ही हार आणि उरलेली टोपलीभर शेवंती उचलून गोठ्यामागं टाकून दिली. देवळाला त्या दिवशी झेंडूचे हार गेले. माझं मन गिटारीत असतं, कामात नसतं, हे त्यांनी शेजारणींसमोर दोनदा म्हटलं.

मी घाबरायला पाहिजे होतं. मी मात्र रागावले, आणि रागात एक फार मोठी चूक केली. मनात म्हटलं, पाहा, बोटं इतकी पक्की झाली की आता सुईसुद्धा कळत नाही! त्यानंतर मी प्रत्येक फुलागणिक करंगळीकडं पाहायला लागले. कळत नाही तर डोळ्यांनी पाहायचं, एवढाच त्यावरचा इलाज मी शोधला. ते मी कोणाला सांगितलं नाही.

सरांनी मला एक सोलो दिला होता, त्यांनीच बांधलेला, सोळा ओळींचा. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत मी बरी होते. पुढं करंगळीचं काम वाढत जायचं आणि शेवटच्या ओळीत तर तिनं एकटीनं तारेवरून पाच घरं वर घसरत जायचं होतं. माझी करंगळी उशिरा यायची. मी तिला हुकूम सोडायचे, ती थोडा विचार करून यायची. मग उशीर वाढला. मग ती तारेवर यायची, पण दाबायची नाही, नुसती टेकायची, आणि तार फटफट वाजायची. सर वैतागले.

"करंगळी झोपून राहिली तुमची. जरा जोर लावा, उठवा तिले."

मी जोर लावला. रोज दुपारी, हार झाले की मागच्या पडवीत बसायचे आणि एकट्या करंगळीला पिदडायचे. एका रविवारी क्लासमध्ये शेजारची पोरगी हळूच म्हणाली, काकू, रक्त. पाहते तर सातव्या घरापाशी सगळं लाल. पातळ तारेनं करंगळीचं टोक चिरलं होतं आणि मी तशीच वाजवत होते. पोरं माझ्याकडं अशी पाहायला लागली, जणू मी कोणी मोठी कलाकार आहे. मी हसले, पदरानं तार पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

भाकरी भाजताना एकदा वास आला म्हणून खाली पाहिलं. करंगळी तव्याच्या काठाला लागून होती. किती वेळ होती, देव जाणे. मी हात पाण्यात घातला, फोड आला त्यावर हळद लावली, आणि मुलीनं विचारलं तर वाफ लागली म्हणाले. खोटं कशाला बोलू, तोपर्यंत मला कळलं होतं. नाव माहीत नव्हतं, पण त्या हातात काहीतरी मरत चाललं आहे एवढं कळत होतं. डॉक्टरकडं गेले की तो पहिल्यांदा गिटार बंद कर म्हणेल, म्हणून मी गेले नाही. तेरा ओळी झाल्या होत्या. तीन राहिल्या होत्या.

मला पकडलं ते सासूबाईंनी, आणि तेही झेंडूच्या तोडणीत. ऑक्टोबरचं ऊन, सगळ्याजणी घामानं चिंब. झेंडू तोडताना त्याची पिवळी भुकटी घामाला चिकटते, कोपरापर्यंत हात पिवळे होतात. माझा हातही पिवळा झाला होता, फक्त कोपराखाली रुपयाहून जरा मोठा एक गोल कोरडा आणि स्वच्छ होता. तिथं घामच आला नव्हता. तो फिकट डाग मला माहीत होता, औषध फवारणीचा असेल म्हणून मी सोडून दिला होता. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, अंगठ्यानं तो डाग घासला, मग नख रुतवलं. मी त्यांच्याकडं पाहत उभी. त्यांनी आणखी जोरात रुतवलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसला, नख मात्र कळलं नाही.

त्या ओरडल्या नाहीत. तोडणी पुरी होऊ दिली. मग विहिरीपाशी मला एकटीला म्हणाल्या की उद्या दवाखान्यात जाऊ, पण अकोल्याला नाही, तिथं आपल्याला सगळा बाजार ओळखतो, अमरावतीला जाऊ. घरी त्यांनी स्वतःच्या गुडघ्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो आणि अमरावती येईपर्यंत दोघी मिळून चार वाक्यं बोललो नसू. त्यांच्या माहेरी, तेल्हाऱ्याकडं, त्यांच्या एका चुलत आजोबांना गावाबाहेरच्या खोपटात ठेवलं होतं, एवढंच त्या बोलल्या. काहून ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही.

चामडीच्या डॉक्टरांनी माझा कोपर वाकवला आणि मागच्या हाडाच्या खाचेत बोट फिरवलं. तिथं एक नस असते, ती अनामिकेला आणि करंगळीला जाते. माझी सुतळीसारखी जाड झाली होती, त्यांनी मलाही चाचपायला लावली. मग म्हणाले, डोळे मिटा, मी हाताला पेनाचं टोक लावीन, कळलं की सांगा. मी डोळे मिटले. पंखा फिरत होता, बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं. मी वाट पाहिली, मग आणखी पाहिली.

"सुरू करा ना डॉक्टर," मी म्हटलं.

"दोनदा झालं, ताई," ते म्हणाले.

कुष्ठरोग. लिहिला एकदाचा तो शब्द. डॉक्टर भले होते, भराभर पुढचं सांगत सुटले, की औषधानं हा पूर्ण जातो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, घरच्यांची एकदा तपासणी करून घ्या, जुन्या गोष्टी डोक्यातून काढा. ते सगळं खरं निघालं, घरच्यांपैकी कोणाला काही नव्हतं. पण नसेचं त्यांना सांगता येत नव्हतं. किती महिने झाले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गिटार घेतली तेव्हापासून, दहा महिने. त्यांनी पेन खाली ठेवलं. सहा महिन्यांच्या आत आला असता तर मी तुम्हाला शब्द दिला असता, असं म्हणाले. सूज उतरायच्या वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. दर महिन्याला हात तपासायचा. सुधारला तर गिटार हळूहळू चालेल. तीन महिन्यांत नाही सुधारला तर नागपूरला जाऊन नस मोकळी करायचं ऑपरेशन, हाताला पट्टी, आणि गिटारीचं नाव नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं गाडीचं बोनेट उघडलं आणि अर्धा तास आत उगाच पाहत राहिला. मग आत येऊन म्हणाला, जेवायला वाढ. मी वाढलं, तो जेवला, नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवला. सासूबाईंनी मात्र माझ्या हातातली सुई काढून घेतली. जखमा होतात म्हणून की दुसऱ्या कशासाठी, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी फुलं निवडायला बसायला लागले. सरांना फक्त नस दबली म्हणून कळवलं.

महिन्याची तपासणी दवाखान्यातली एक तरुण बाई करायची. तिच्याकडं केसासारखा बारीक नायलॉनचा दोरा होता. डोळे मिटायचे, दोरा लागला आणि कळला की 'हो' म्हणायचं, ती कार्डावर खूण करणार. पहिल्या महिन्यात मनगटाकडं दोनदा खरंच कळलं. मला रडू आलं. मी म्हटलं, हो. मग थोड्या वेळानं पुन्हा, हो. बाई बिचारी फार शिस्तीची होती. एकेक जागा घ्यायची, मनात मोजून पुढं सरकायची, अगदी सारखं अंतर ठेवून. आणि मला तेच तर दहा महिने शिकवलं होतं. सर मोबाइलची टिकटिक लावायचे, मध्येच बंद करायचे आणि आम्हाला आतल्या आत मोजत वाजवायला लावायचे. टिकटिक पुन्हा सुरू केली की मी बरोबर तिच्यावर असायचे. वर्गात हे मला सगळ्यांत चांगलं जमायचं.

मी ठरवून फसवलं नाही, हे मी देवाची शप्पथ घेऊन सांगते. निदान पहिल्या महिन्यात नाही. त्या दोन खऱ्या स्पर्शांनंतर हाताला काहीतरी होतं आहे असं वाटत राहिलं, आणि ते बरोबर तिच्या वेळेवर वाटायचं. करंगळीच्या टोकाला पोचेपर्यंत मी 'हो' म्हणत गेले. कार्ड भरलं. दुसऱ्या महिन्यातही भरलं, आणि तेव्हा मात्र माझ्या मनात कुठंतरी कळत होतं. डॉक्टर खूश झाले. सुजेच्या गोळ्या त्यांनी निम्म्या केल्या आणि थोडं थोडं वाजवा म्हणाले. घरी आल्या आल्या मी पडवीत बसले आणि ऊन उतरेपर्यंत उठले नाही. चौदावी ओळ झाली. पंधरावी अर्धी झाली.

करंगळी तेव्हा वाकायला लागली होती. सरळ केली तरी पुन्हा आत जायची. मी तारेवर ठेवताना उजव्या हातानं ती उचलून ठेवायचे, कोणी पाहत नाही ना हे पाहून. सासूबाई पाहत होत्या. एकदा फुलांच्या ढिगाशी त्यांनी मला तळहात पाटावर सपाट ठेवायला सांगितला. चार बोटं टेकली, करंगळी वर राहिली.

"कागद सांगते बरी हाय," त्या म्हणाल्या, "अन् बोट सांगते नाही. खरं कोणाचं धरू मी?"

मी फणकारले, तुमाले काय कळते त्यातलं, असंही बोलले. सून म्हणून जे बोलू नये ते आणखी दोन शब्द बोलले. त्या फुलं निवडत राहिल्या.

तिसऱ्या महिन्यात त्या माझ्याबरोबर आल्या आणि दारातच डॉक्टरांशी एकट्या काहीतरी बोलल्या. त्या दिवशी ती बाई होती, पण दोरा डॉक्टरांनी स्वतः घेतला. मला डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. सुरुवात मनगटापासून, नेहमीसारखी, त्याच सावकाश गतीनं. ते कळलं. हो. मग तळहात. हो. हो. मग बोटांकडं. मी मोजत होते का? होते. हो. हो. पंखा फिरत होता. हो. खोली फार शांत आहे असं मला वाटलं, कार्डावर पेनाचा आवाज येत नव्हता. हो, मी म्हटलं. हो. आणखी एकदा, हो.

मग मी डोळे उघडले. डॉक्टरांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. दोरा टेबलावर होता. ती तरुण बाई भिंतीकडं पाहत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"तळहातानंतर मी लावलाच नाही, ताई," डॉक्टर म्हणाले.

मला इतकी लाज लग्नाच्या मांडवात पडले असते तरी वाटली नसती. डॉक्टर रागावले नाहीत, तेच फार लागलं. त्यांनी नागपूरची चिठ्ठी लिहायला घेतली. गोळ्या कमी केल्या तो काळ आता परत मिळणार नाही, ऑपरेशननं आहे तेवढं वाचेल, करंगळीची आशा धरू नका, असं ते लिहिता लिहिता सांगत गेले. मी त्यांच्या पेनाकडं पाहत होते. नागपूरला कोणत्या दिवशी जायचं, सोबत कोण येणार, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या शेजारून सासूबाई म्हणाल्या, मी येतो.

त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ कधी बसल्या होत्या, मला कळलं नव्हतं. मी खाली पाहिलं. माझा डावा हात त्यांच्या मांडीवर होता आणि माझी करंगळी त्यांनी मुठीत गच्च धरली होती. किती वेळापासून, ते मला विचारावं लागलं.